रानमेथीची थोरली बहीण
गव्हांत पिवळ्या, बारीक फुलांची रानमेथी दिसली, कीं आपल्याकडे शेतकरी ती उपटून बांधावर टाकतो. हिचीच उंच बहीण, म्हणजे गोड क्लोव्हर, युरोपांतून वसाहतवाल्यांबरोबर उत्तर अमेरिकेंत गेली. तेथेंही रस्त्याकडेला माजणारें तण म्हणूनच तिची ओळख झाली. कठीण कवचाचें तिचें बीं मातींत वर्षानुवर्षें दम धरून राही. पुढें मात्र भुकेल्या जमिनीला ती नत्र पुरविते आणि मधमाश्यांना मध देते हें पटून लोक तिची पेरणी करूं लागले.

१९२० नंतर कॅनडांत व उत्तर डाकोटांत गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. शिंग कापल्याची साधी जखमही थांबेना! दोष क्लोव्हरच्या बुरसलेल्या चाऱ्याचा, हें पशुवैद्य स्कोफील्ड यांनीं दाखविलें. पण गरीब शेतकऱ्यानें तो फेकून गुरांपुढें टाकावें काय?

१९३३ च्या हिवाळ्यांत असाच एक शेतकरी मेलेली कालवड, तोच चारा आणि न गोठणारें रक्त घेऊन, हिमवादळांतून विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक यांच्याकडे आला. त्याला लगेच देण्याजोगा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. विषारी द्रव्य, डायकूमरॉल, हातीं लागावयास १९३९ साल उजाडलें. क्लोव्हरला सुगंध देणाऱ्या कूमरिनापासूनच बुरशीच्या योगानें तें बनतें व के जीवनसत्त्वाचें कार्य अडवितें. त्याच घराण्यांतील वॉरफरिन १९४८ सालीं उंदरांसाठीं बाजारांत आलें. १९५४ पासून रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठीं तें माणसांनाही, वरचेवर रक्त तपासून, देण्यांत येऊं लागलें.