विकल्यावरही हुकूम कंपनीचाच?

न्यूयॉर्कला शिकताना (१९१३ ते १९१६) बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २,००० पुस्तकं जमवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जुनं पुस्तक मनाजोग्या भावाने विकण्याचा हक्क दुकानदाराकडे कसा होता, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

त्या आधी थोडीच वर्षं त्याच शहरातल्या मेसीज दुकानावर खटला झाला होता. बॉब्स-मेरिल या प्रकाशन कंपनीने 'द कास्टअवे' या कादंबरीत छापलं होतं, की एक डॉलरपेक्षा कमी भावात विकाल तर तो कॉपीराइटचा भंग. मेसीजने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सुनावलं : प्रत एकदा विकलीत, आता पुढच्या विक्रीचा भाव ठरवायचा अधिकार कॉपीराइट कायदा तुम्हाला देत नाही. मेसीजचे मालक काही गरीब नव्हते. पण जुन्या पुस्तकांवर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या बाजूचा हा निकाल होता.

कंपन्या थोड्याच थांबतात! लेक्समार्क कंपनी प्रिंटरचं कार्ट्रिज सवलतीत देई, अट अशी की एकदाच वापरायचं आणि दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. वर चिपही बसवलेली. लहान धंदेवाल्यांनी चिपवर तोड काढली, रिकामी कार्ट्रिजं भरली आणि विकली. कंपनीने पेटंटचा दावा ठोकला आणि २०१७ साली ती हरली. न्यायालय म्हणालं, पहिल्या ग्राहकाशी करार असेल तर त्याच्याशी भांडा. विकलेल्या वस्तूवर पेटंट चालणार नाही.

'सवलत दिली, म्हणून अट घातली' हा युक्तिवाद आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे. महार वतनाची जमीन अशीच होती. जमीन नावाची, त्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची नि गावाची कामं. म्हणून तर १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचं विधेयक आणलं.

कोणी म्हणेल, वतनाची जमीन आजही परवानगीशिवाय विकता येत नाही, मग ती अटही काढायची का? नाही. ती अट जमीन लाटणाऱ्यांना अडवण्यासाठी आहे. कंपनीची अट कोणाला अडवते? कार्ट्रिज भरणाऱ्या पोराला.

आणि आता तर पुस्तकच विकत नाहीत. ई-पुस्तकाचे पैसे आपण पूर्ण मोजतो, हाती येतो वाचायचा परवाना. वाचून झाल्यावर ते वस्तीतल्या मुलाला देता येत नाही, रद्दीच्या दुकानातही जात नाही.