ग्रेगरी घराणे व कूल पार्क
ग्रेगरी घराणे : आयर्लंडच्या गॉलवे काउंटीतील एक जमीनदार घराणे. गोर्ट या गावाजवळील ‘कूल पार्क’ हा त्याचा वाडा १७६८ पासून १९२७ पर्यंत त्याच्या मालकीचा होता. घराणे मूळचे इंग्रज व प्रॉटेस्टंट. आयर्लंडमध्ये ते सतराव्या शतकात स्थायिक झाले. जमीनदार एका धर्माचा व त्याची कुळे बहुतांशी दुसऱ्या धर्माची, ही त्या देशातील सर्वसाधारण स्थिती येथेही होती.

घराण्याच्या वैभवाचा पाया हिंदुस्थानात घातला गेला. रॉबर्ट ग्रेगरी (सु. १७२७–१८१०) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत संपत्ती मिळवून परतला. १७६८ मध्ये त्याने कूलची जमीन विकत घेतली व तेथे साध्या धाटणीचा, शुभ्र दर्शनी भागाचा वाडा बांधला. पुढे तो ब्रिटिश संसदेचा सदस्य व कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला. वृक्षलागवडीची त्याला विशेष हौस होती. वाड्याभोवतीच्या अरण्याची सुरुवात त्याच्या हातची होय. जुगाराच्या नादी लागलेल्या ज्येष्ठ पुत्राला त्याने वारसाहक्कातून वगळले, असे घराण्यात सांगितले जाई. इस्टेट दुसऱ्या पुत्राकडे, रिचर्डकडे गेली. त्याला संतती नव्हती. त्यामुळे त्याच्या पश्चात ती त्याचा धाकटा भाऊ विल्यम याच्या शाखेकडे आली. हा विल्यम १८१२ पासून सु. अठरा वर्षे डब्लिन येथील ब्रिटिश प्रशासनात उपसचिव होता आणि कॅथलिकांना राजकीय हक्क देण्यास त्याचा कट्टर विरोध होता.

त्याचा नातू सर विल्यम हेन्री ग्रेगरी (१८१६–९२) याच्या नावाभोवती घराण्याचा सर्वांत अप्रिय इतिहास गुंफलेला आहे. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे ओढवलेल्या महादुष्काळात, १८४७ मध्ये, गरीबविषयक कायद्यात दुरुस्ती होत असताना त्याने एक कलम सुचविले. पाव एकरापेक्षा अधिक जमीन कसणाऱ्यास, ती जमीन सोडल्याखेरीज, सार्वजनिक निधीतून मदत मिळू नये, असा त्याचा आशय होता. संसदेने ते प्रचंड बहुमताने स्वीकारले. कलमाचा शब्दार्थ किरकोळ वाटतो. परिणाम मात्र भयंकर झाला. लहान धारणजमिनींवरील गरीबकराचा बोजा जमीनदारावर असल्याने अशी कुळे हटविण्यात त्याचा फायदा होता आणि उपाशी कुळापुढे जमीन किंवा अन्न यांपैकी एकच निवडण्याची वेळ आली. जमीन सोडताच अनेक ठिकाणी झोपडीही जमीनदोस्त केली जाई. ग्रेगरीने स्वतःच्या कुळांना अशा रीतीने हुसकावले नाही व तो दयाळू जमीनदार मानला जाई, हे खरे. परंतु कायद्याचे मोजमाप कर्त्याच्या स्वभावावरून करता येत नाही. कलम मांडल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १८४७ मध्ये, दुष्काळातील तापाच्या साथीत त्याच्या वडिलांचा मृत्यू झाला. घोड्यांच्या शर्यतींपायी पुढे तो स्वतः कर्जबाजारी झाला आणि इस्टेटीचा सु. दोन-तृतीयांश भाग विकावा लागला. १८७२ ते १८७७ या काळात तो सिलोनचा गव्हर्नर होता. कोलंबोचे संग्रहालय त्याच्याच कारकीर्दीतील आहे.

१८८० मध्ये, वयाच्या साठीनंतर, त्याने ऑगस्टा पर्स (१८५२–१९३२) हिच्याशी दुसरा विवाह केला. ती शेजारच्या रॉक्सबरो येथील जमीनदार कुटुंबातील होती. पतिनिधनानंतर या लेडी ग्रेगरीने काटकसरीने इस्टेटीवरील कर्ज फेडले. १८९३ मध्ये आयर्लंडच्या स्वायत्ततेविरुद्ध पुस्तिका लिहिणारी ही स्त्री थोड्याच वर्षांत आयरिश भाषा शिकली, किलटार्टन परिसरातील झोपड्यांतून व गरीबगृहातून लोककथा गोळा करू लागली आणि त्या लोकांच्या बोलीत तिने प्राचीन वीरकथा पुन्हा सांगितल्या. ज्या कुळांवर घराणे जगले, त्यांचीच वाणी तिच्या लेखनाचा आधार ठरली. येट्सच्या सहकार्याने उभारलेल्या चळवळीतून १९०४ मध्ये डब्लिनचे ॲबी थिएटर सुरू झाले. (रवींद्रनाथ टागोरांच्या ‘डाकघर’ या नाटकाचा इंग्रजी प्रयोग १९१३ मध्ये याच रंगभूमीवर झाला.) येट्सचे अनेक उन्हाळे कूलमध्ये गेले. बागेतील तांबड्या पानांच्या बीच वृक्षावर त्याची, तसेच शॉ, सिंग, ओकेसी आदींची आद्याक्षरे कोरलेली आहेत. जवळच्या चुनखडकातील सरोवराचे पाणी भूमिगत प्रवाहांनुसार वाढते व ओसरते. त्यावरील हंस येट्सच्या कवितेमुळे प्रसिद्धी पावले.

लेडी ग्रेगरीचा एकुलता एक पुत्र रॉबर्ट चित्रकार होता. ब्रिटिश हवाई दलात मेजर असताना २३ जानेवारी १९१८ रोजी तो इटलीत मृत्यू पावला. इस्टेट त्याची विधवा मार्गारेट हिच्याकडे आली. १५ मे १९२१ रोजी बॅलिटुरिन येथे क्रांतिकारकांनी एका मोटारीवर हल्ला केला; तीतील प्रवाशांपैकी एकटी मार्गारेट वाचली. कुळांकडील जमिनी भूमिखरेदी कायद्यांनुसार त्यांच्याच मालकीच्या होत गेल्यामुळे खंडाचे उत्पन्न आटले होते व नुसता वाडा सांभाळणे परवडेना. १९२७ मध्ये वाडा व भोवतीची जमीन आयरिश सरकारच्या वनखात्याला विकण्यात आली. सासू मात्र वार्षिक भाडे देऊन तेथे भाडेकरू म्हणून राहिली आणि २२ मे १९३२ रोजी तेथेच वारली. त्याच वर्षी घरातील चीजवस्तूंचा लिलाव झाला.

रिकाम्या वाड्याची देखभाल कोणी केली नाही. १९४१ मध्ये तो पाडण्यासाठी विकला गेला व त्याचे दगड इतर बांधकामांत वापरले गेले. ज्या वाड्यांना आग लावण्यात आली, त्यांच्या यादीत कूलचे नाव नाही. तो स्वतंत्र आयर्लंडच्या अनास्थेने गेला, असे म्हणणे भाग आहे. आता तेथे जोत्याचा चौथरा, भिंतीने वेढलेली बाग आणि तो बीच वृक्ष हे अवशेष आहेत. अरण्य व सरोवर यांना निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा असून किलटार्टन येथील जुन्या शाळेत १९९६ पासून घराण्याचे संग्रहालय आहे.