बिगुलाची अखेरची धून

‘बिगूल वाजला’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा काहीतरी सुरू झाले असेच सुचवायचे असते. मग ते युद्ध असो वा निवडणूक. परंतु सैनिकांच्या जगात सर्वांत अधिक आदर ज्या धुनेच्या वाट्याला आला, ती आरंभाची नसून अखेरीची आहे.

बिगूल हे वाद्य अगदी साधे. त्याला ना भोके, ना कळा. वादकाच्या ओठांच्या ताणावर निघणाऱ्या पाच स्वरांवरच सारे काम भागवावे लागते. अठराव्या शतकात युरोपातील हलक्या पायदळाचे शिपाई विखरून लढू लागले. नायकाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेना. तेव्हा शिकाऱ्यांचे शिंग लष्कराने उचलले. पुढे तेच हलक्या पायदळाचे चिन्ह झाले. बेळगावी केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हातील बिगूल याच परंपरेतला.

उठण्याची, जेवणाची, हल्ल्याची अशी प्रत्येक हुकमाची धून निराळी. ब्रिटिश सैन्यात रात्री अधिकारी पहाऱ्याच्या चौक्या तपासावयास निघे. पहिल्या चौकीवर एक धून वाजे, शेवटच्या चौकीवर दुसरी. ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे शेवटची चौकी, हे नाव त्यावरून पडले. पहारेकरी जागेवर आहेत, आता इतरांनी निर्धास्त झोपावे, एवढाच तिचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात हीच धून शिपायाच्या दफनविधीत वाजू लागली. ज्याचा पहारा संपला, त्याला निरोप देण्यास नवे सूर शोधावे लागले नाहीत.

बेल्जममधील ईप्र शहरी मेनिन दरवाजावर ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात ते पडले. त्यांची थडगी मात्र कोणास ठाऊक नाहीत. त्यांत चारशेच्या वर हिंदी शिपाई आहेत. १९२८ मध्ये तेथे रोज रात्री लास्ट पोस्ट वाजविण्याची प्रथा सुरू झाली. वादक गावच्याच अग्निशामक दलातले. मे १९४० मध्ये जर्मनांनी शहर घेतले आणि धून थांबली. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश फौजांनी ते सोडविले. त्याच संध्याकाळी ती पुन्हा घुमली.

आजही रात्री आठ वाजता तेथील वाहतूक थांबते. पूर्वी पहारा त्या शिपायांचा होता. आता तो जिवंतांकडे आला आहे.