चष्म्याला पर्याय : कॉन्टॅक्ट लेन्स, लेसर आणि डोळ्यात बसवायची लेन्स यांचा इतिहास

"डॉक्टर, लग्न ठरतंय, चष्मा घालवायचाय. लेसर करून घेऊ का?" तपासायला आलेल्या तरुण मुलामुलींकडून हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. मी फिजिशियन आहे, नेत्रतज्ज्ञ नाही. तुमचे डोळे तपासून निर्णय नेत्रतज्ज्ञच देतील. पण या उपायांचा इतिहास माहीत असला, तर ते इतक्या तपासण्या का करतात आणि कधी कधी "नको" का म्हणतात, हे समजते.

आधी थोडी डोळ्याची रचना. सर्वांत पुढे पारपटल, म्हणजे कॉर्निया असते. त्यामागे बुबुळ, मग नैसर्गिक भिंग आणि सर्वांत मागे पडदा. ज्यांना मायनस नंबर असतो, त्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो. त्यामुळे प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या पुढेच तयार होते.

कॉन्टॅक्ट लेन्स

१८८८ च्या सुमारास झ्युरिकमध्ये अडॉल्फ फिक या डॉक्टरांनी काचेची लेन्स बनवली. ती आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि नंतर रुग्णांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. पण ती एक-दोन तासांपेक्षा जास्त सहन होत नसे. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या मार्फत घेते. काचेने ही वाटच अडवली जाई.

उत्तर सापडले प्रागमध्ये. ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी धरून ठेवणारे मऊ प्लास्टिक तयार केले होते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र बनवले आणि त्यावर मऊ लेन्स तयार केल्या. अमेरिकेत मऊ लेन्सला १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

लेन्स घालून झोपू नका असे आम्ही सांगतो, त्यामागे प्राणवायूचे हे कारण आहेच, शिवाय जंतुसंसर्गाची भीतीही असते. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका. पाण्यातला अकँथअमिबा पारपटलाला गंभीर जखम करू शकतो.

लेसर

लेसरच्या आधी पारपटलावर चिरा देऊन नंबर कमी करण्याचे प्रयत्न झाले. जपानमध्ये डॉ. सातो यांनी १९३९ पासून पारपटलाच्या आतल्या बाजूने चिरा दिल्या. नंबर उतरला, रुग्ण खूश झाले. पण आतल्या पेशींचा थर पारपटलातले पाणी उपसून ते पारदर्शक ठेवतो, हे तेव्हा नीट माहीत नव्हते. बऱ्याच वर्षांनी अनेक रुग्णांचे पारपटल सुजून पांढरट झाले.

१९७० च्या दशकात मॉस्कोचे डॉ. फ्योदोरोव्ह यांनी बाहेरच्या बाजूने चिरा देण्याची पद्धत रुजवली. अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांमध्ये नंबर प्लसकडे एक किंवा त्याहून जास्त सरकलेला आढळला.

नंतर आला एक्झायमर लेसर. आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मूळचे मद्रासचे डॉ. श्रीनिवासन यांनी २७ नोव्हेंबर १९८१ रोजी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर हा लेसर वापरून पाहिला. आजूबाजूचा भाग न करपता स्वच्छ काप गेला. १९८३ मध्ये डॉ. ट्रोकेल यांनी त्याचा पारपटलावर उपयोग होऊ शकतो हे दाखवले. लेसरमुळे पारपटलाची जाडी कमी होते. म्हणूनच ती आधी मोजतात आणि पातळ असेल तर नकार देतात.

डोळ्यातली लेन्स

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्स प्लास्टिकचे तुकडे घुसत. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले की डोळा हे तुकडे बऱ्याचदा शांतपणे सहन करतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला तशाच प्लास्टिकची लेन्स बसवली. सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. सुरुवातीच्या लेन्समुळे गुंतागुंतही होत असे. आज मोतीबिंदूनंतर लेन्स बसवणे ही नेहमीची गोष्ट आहे. उतारवयात रिडलींनीही दोन्ही डोळ्यांत अशी लेन्स बसवून घेतली.

यातूनच पुढे नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्यापुढे बसवायची लेन्स आली. नंबर फार मोठा किंवा पारपटल पातळ असेल, तर हा पर्याय सुचवतात. ती काढता येते, पण शस्त्रक्रिया डोळ्याच्या आत होते. म्हणून पेशींचा तो आतला थर आधी मोजतात आणि नंतरही तपासत राहतात. सातोंच्या रुग्णांनी याच थराची किंमत मोजली होती.

निर्णय घेण्यापूर्वी

नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुतेकांना लागतोच. आणि सर्वांत महत्त्वाचे : नंबर गेला तरी लांबट डोळा तसाच राहतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांना पडदा सरकण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही असतो. त्यामुळे चष्मा सुटला तरी पडद्याची नियमित तपासणी सोडू नका. डोळ्यासमोर अचानक ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखे वाटले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.