नट आणि त्याचा निवाडा

भूमिका नटाची, मत लेखकाचें, हा बचाव हंगेरीच्या अंताल पागेरला (१८९९–१९८६) लागू पडतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९४२ सालच्या ‘पहारेपालट’ या अर्थाच्या नांवाच्या ज्यूद्वेषी बोलपटाचा तो नायक होता, आणि उजव्या पक्षाकडे त्याचा ओढाहि उघड होता. १९४४ सालीं हंगेरींतून चार लाखांहून अधिक ज्यू मृत्युछावण्यांकडे धाडले गेले. त्याच वर्षीं त्यानें देश सोडला व पुढें अर्जेंटिनांत आश्रय घेतला. १९५६ मध्यें साम्यवादी राजवटीनें त्यास परत येऊं दिलें. १९६४ मध्यें ‘पाचिर्ता’ चित्रपटांतील वृद्ध पित्याच्या भूमिकेबद्दल कान महोत्सवांत उत्कृष्ट नटाचें पारितोषिक त्यास विभागून मिळालें. तें अभिनयाचें होतें, आणि योग्यच होतें. राजवटीनें क्षमा केली खरी. पण क्षमेचा अधिकार ज्यांचा, त्यांतले बहुतेक परत आलेच नव्हते.