ताट्या आणि युनिटं

मार्च सरत आला की कारंजा तालुक्यातल्या धनजकडे पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. टाकीचा गंज खरवडायचा, पंप फिरतो का ते पाहायचं, ताट्यांत नवं वुडवूल भरायचं. बोअरच्या जड पाण्यानं जुन्या ताट्या क्षार धरून पांढऱ्या, कडक झालेल्या असतात. त्यांतून हवा शिरत नाही, मोटर मात्र तेवढीच वीज खाते.

कूलरचं मूळ वाळ्याच्या ताटीत. दाराला वाळ्याच्या मुळ्यांची ताटी, तिच्यावर पाणी, बाकी काम वाऱ्याचं. वारा पडला की ताटी निकामी. त्यावर उपाय म्हणून उत्तर हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी ‘थर्मँटिडोट’ वापरला. मोठी लाकडी पेटी, बाजूंना ओल्या ताट्या, आत हातानं फिरवायचा पंखा. फॅनी पार्क्स या बाईंनी १८५० साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याचं वर्णन केलं आहे. मोटर सोडली तर हा कूलरच! विजेचं बिल नव्हतं, कारण ते नोकराचे खांदे भरत होते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं, पुढच्या दशकांत गावोगाव तारा पोचल्या आणि खांद्यांची जागा मोटरनं घेतली.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता हवेतून शोषली जाते. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे काम जवळपास फुकट होतं. मोठा कूलर पंपासकट २०० वॉटच्या आसपास घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात सुमारे १,५०० वॉट. अर्थात कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी उघडी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो, आणि जुलैत तर त्याचं काही चालतच नाही.

कूलर रोज दहा तास चालला तरी महिन्याला ६० युनिटं होतात. राज्यात १०० युनिटांपुढे घरगुती दर चढतो, म्हणून उन्हाळ्यात बाकीच्या घराचा हिशेब बघावा लागतो. उपकरणांवरचे वीजबचतीचे तारे २००६ साली आले, पण छताच्या पंख्यांना ते सक्तीचे झाले थेट १ जानेवारी २०२३ पासून. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी मोटरचा तिशीच्या आसपास. खोक्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करूनही फारसं वाचत नाही. उरलेली वीज त्याच खोक्यात तापून जाते.