न लिहिलेला नियम

गेल्या वर्षी स्मरणिकेच्या कामासाठी मंडळाच्या कपाटातल्या जुन्या स्मरणिका आणि हिशेबाच्या वह्या घरी आणल्या होत्या. चाळता चाळता एका वहीपाशी थांबलो. महाप्रसादाचा हिशेब होता. तांदूळ, तूरडाळ, गूळ, तूप, आचाऱ्याची मजुरी, मंडपवाल्याची बाकी. अक्षर माझ्या आईचे. ते ओळखायला वेळ लागला नाही, कारण पाढे मी त्याच अक्षरावरून गिरवले आहेत. खाली सही मात्र वडिलांची, खजिनदार म्हणून. त्याच वर्षीची स्मरणिका उघडली. पहिल्या पानावर कार्यकारिणीच्या यादीत वडिलांचे नाव होते. आईचे नाव शेवटच्या पानावर, 'विशेष सहकार्य' या मथळ्याखाली, इतर आठ सौभाग्यवतींच्या रांगेत.

यात मला कोणाचा दोष काढायचा नाही. वडील पै-पैचा हिशेब ठेवणारे होते आणि आईने कधी तक्रार केली नाही. दोष काढायचाच तर आधी माझा निघेल. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत एका ताईंचे नाव अध्यक्षपदासाठी कोणीतरी सुचवले, तेव्हा "आपला महिला विभाग आहे की!" असे मीच म्हणालो होतो. सभेत हशा पिकला आणि विषय संपला. बाहेर पडताना त्या ताईंनी मला शांतपणे विचारले, "भाऊ, मंडळाच्या घटनेत असं कुठं लिहिलंय का हो?"

मी बांधकाम खात्यात नोकरी करतो. डिप्लोमा करून लागलो तेव्हापासून नियम, परिपत्रके आणि मोजमाप पुस्तिका यांतच दिवस जातो. त्या रात्री घटना काढून अथपासून इतिपर्यंत वाचली. तसे कुठेही लिहिलेले नव्हते. तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला आणि जगभरच्या सेवाभावी क्लबांमध्ये हे कसे घडले ते वाचत गेलो. त्यातली एक हकीकत आपल्यासमोर ठेवतो.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना एकत्र जमवले. एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत व्हायची, म्हणून नाव पडले 'रोटरी'. योगायोग असा की त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. दोन्ही संस्थांचे मार्ग वेगळे, पण समाजसेवेसाठी माणसे संघटित करण्याचे ते दिवस होते.

रोटरीचा एक जुना नियम मला फार आवडतो. एका क्लबात तेव्हा एका व्यवसायाचा एकच सभासद असे. दहा वकील किंवा दहा व्यापारी मिळून क्लब व्हायचा नाही. गावातले सगळे धंदे एका टेबलाभोवती बसावेत, हा हेतू. आज आपण ज्याला सर्वसमावेशकता म्हणतो, तिचे एक रूप त्यात आधीपासूनच होते. फक्त धंदे निरनिराळे असले तरी खुर्च्यांवर बसणारे सगळे पुरुष होते, आणि पुढे सभासदत्वाच्या नियमांत 'पुरुष' हा शब्द छापील स्वरूपात होता.

लायन्स क्लबची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. १९२५ साली ओहायो राज्यातल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी भाषण केले आणि अंधांसाठी लढणारे शिलेदार व्हा, असे आवाहन केले. लायन्सनी ते मनावर घेतले. आजही नेत्रशिबिर म्हटले की आपल्याला लायन्स आठवतात. म्हणजे ज्या कामाने संस्थेचे नाव झाले, ते काम एका अंध स्त्रीने सुचवलेले. पण लायन्सनी स्त्रियांसाठी सभासदत्वाचे दार उघडले ते १९८७ साली, त्या भाषणानंतर तब्बल ६२ वर्षांनी!

१९८७ हेच वर्ष का, ते आता सांगतो.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ दुआर्ते नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या रोटरी क्लबची सभासदसंख्या रोडावत चालली होती, बैठकांना माणसे जमेनात. म्हणून १९७७ साली क्लबने डोना बोगार्ट, मेरी लू एलियट आणि रोझमेरी फ्रायटॅग या तीन महिलांना सभासद करून घेतले. लक्षात घ्या, यात क्रांतीचा आव नव्हता. काम करायला माणसे हवी होती आणि काम करू शकणारी माणसे गावात होती, इतकेच. १९७८ साली मुख्य संघटनेने दुआर्ते क्लबची मान्यता काढून घेतली.

क्लबने हार मानली नाही. रोटरीच्या बिल्ल्यावर फुलीचे चिन्ह लावून 'माजी रोटरी क्लब' या नावाने त्यांचे काम चालू राहिले. दुसरीकडे क्लब आणि दोन महिला सभासद कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात ते हरले, १९८६ साली अपिलात जिंकले आणि अखेर प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

संघटनेचे म्हणणे काय होते? एक, आमची संस्था खाजगी आहे, कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू. दोन, पुरुषांच्या बंधुभावात बाधा येईल. आणि तीन, आमचे क्लब जगभर आहेत, निरनिराळ्या देशांचे रीतिरिवाज वेगळे आहेत, तिथे काम करायचे तर हा नियम सोयीचा आहे.

हा तिसरा मुद्दा वाचला तेव्हा मी चमकलो. वेगळ्या रीतिरिवाजांचे देश म्हणजे त्यात आपणही आलो! पण रोटरीचाच इतिहास वेगळे सांगतो. नियमातून 'पुरुष' हा शब्द काढावा असा ठराव १९५० साली मांडला होता तो भारतातल्या एका क्लबने. १९६४ साली तशीच सूचना सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या क्लबकडून आली. प्रतिनिधींनी ती मागे घ्यायला लावली. १९८० साली पुन्हा प्रस्ताव आला, तेव्हा तो मांडणाऱ्यांत स्वीडन, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या क्लबांबरोबर भारतातले क्लब होते. ज्यांच्या रीतिरिवाजांचे कारण पुढे केले जात होते, तेच दार उघडा म्हणून सांगत होते. 'लोक काय म्हणतील' असे म्हणताना लोकांना विचारायचे बहुधा राहूनच जाते.

४ मे १९८७ रोजी निकाल लागला. सात विरुद्ध शून्य. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात दोन गोष्टी फार मार्मिक आहेत. पहिली अशी की, १९८२ साली ज्या संघटनेचे १९ हजारांहून अधिक क्लब आणि नऊ लाखांवर सभासद होते, जिथे पाहुण्यांना मुक्त प्रवेश आणि वर्तमानपत्रांना बातम्या द्यायची पद्धत, ती संस्था घरातल्या नात्यांसारखी खाजगी कशी म्हणायची? दुसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. न्यायालयाने नोंदवले की महिलांना बैठकांना येता येत होते, भाषण करता येत होते, पुरस्कार स्वीकारता येत होते. सभासदांच्या नात्यातल्या स्त्रियांची वेगळी मंडळे होती आणि त्या रोटरीचा बिल्लाही लावू शकत होत्या. म्हणजे स्त्रियांच्या येण्याने कामात अडथळा येत नाही, हे संघटनेच्या वागण्यातूनच सिद्ध होत होते. सगळे होते, फक्त सभासदत्व नव्हते आणि मत नव्हते.

त्याच वर्षी दुआर्ते क्लबने सिल्व्हिया व्हिटलॉक या शाळेच्या मुख्याध्यापिकेला अध्यक्ष निवडले. जगातल्या कोणत्याही रोटरी क्लबच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९८९ साली संघटनेने 'पुरुष' हा शब्द जगभरासाठी काढून टाकला. लायन्स आणि किवानिस या संस्थांनीही १९८७ सालीच दारे उघडली होती. मात्र सभासद होणे आणि खुर्चीवर बसणे यांत पुन्हा बरेच अंतर निघाले. लायन्सच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष २०१८ साली झाल्या, आइसलंडच्या. रोटरीच्या पहिल्या महिला अध्यक्ष, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, २०२२ साली. निकालानंतर ३५ वर्षांनी!

याने सेवेला काय मिळाले? आपल्याच देशातले उदाहरण घ्या. १९८५ पासून रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले. आपल्या गुजरातमधल्या वापीचे कल्याण बॅनर्जी २०११-१२ साली रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यात सरकारी यंत्रणा होती, अनेक संस्था होत्या. पण घरोघरी जाऊन, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून, घाबरलेल्या आईला विश्वास देणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या. ज्या दाराशी पुरुष अडतो, ते दार त्यांना उघडते.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली भारतीय स्त्रीच्या स्थानाविषयी पुस्तक लिहिले, सहलेखिका म्हणून त्यावर त्यांचे नाव आहे. १९१४ साली बडोद्यात त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय सुरू झाले. जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी होत्या. त्याआधी १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले होते. शिकागोच्या त्या टेबलाभोवती स्त्रीला खुर्ची नव्हती, तेव्हा मराठी स्त्रिया संस्था चालवत होत्या. आपल्याला हे बाहेरून शिकायचे नाही, आपलेच आठवायचे आहे.

मग आपल्या मंडळात अडते कुठे? घटनेत काही नाही, म्हणून मी वर्गणीची पावती पाहिली. तिथे सापडले. पावतीवर एकच रकाना आहे, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. ज्याच्या नावाची पावती, तोच सभासद, त्यालाच वार्षिक सभेत मत. एका घराला एक मत आणि ते बहुतेक घरांत पुरुषाचे. पावतीपुस्तक छापणाऱ्याच्या मनातही काही वाईट नसेल. आधीचा नमुना पुढे चालत आला. हे आमच्या खात्यातही होते. जुन्या अंदाजपत्रकातली चूक नव्या अंदाजपत्रकात उतरत राहते, कारण कोणी मूळ मोजमाप पाहत नाही.

रोटरीच्या नियमात 'पुरुष' हा शब्द छापलेला होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आले, कोर्टात जाता आले, तो खोडता आला. आपल्याकडे खोडायला शब्दच नाही. त्यामुळे आपल्याला कोर्टाची गरज नाही, पण आपण होऊन पाहण्याची गरज आहे.

आणि विषय महिलांपुरता नाही. आपल्या कितीतरी घरांत गुजराती सुना आहेत, ज्या अथर्वशीर्ष आपल्या मुलांपेक्षा शुद्ध म्हणतात. मराठी मुलींचे गुजराती, सिंधी नवरे आहेत, जे विसर्जनाच्या दिवशी ट्रक घेऊन सकाळपासून हजर असतात. नोकरीसाठी आलेली भाड्याच्या घरातली तरुण मंडळी आहेत. काम करताना ही सगळी आपली असतात. यादी छापताना कोणाचेच नाव नसते.

अनंत चतुर्दशीनंतरच्या वार्षिक सभेत मी एक साधा ठराव मांडणार आहे. पुढल्या वर्षीच्या पावतीवर दोन रकाने असावेत. घरातल्या अठरा वर्षांवरील कोणत्याही दोघांची नावे त्यात लिहिता यावीत आणि दोघांनाही मत असावे. आरक्षण नाही, वेगळा विभाग नाही, वर्गणीत वाढ नाही. छपाईचा खर्च तेवढाच. मग अध्यक्ष कोण व्हायचे ते सभा ठरवील. तीन वर्षांपूर्वी मी ज्यांना हसण्यावारी नेले, त्या ताईंना अनुमोदन देण्याची विनंती केली आहे. त्या म्हणाल्या, "आधी ठराव लिहून दाखवा."

लिहून दाखवला आहे. मसुद्यातल्या दोन चुका त्यांनी दुरुस्त करून दिल्या. आईची ती वही मी कपाटात परत ठेवली आहे. सभेच्या दिवशी घेऊन येईन. ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी.

गणपती बाप्पा मोरया!